परास्काचं अंडं

१

शनिवारी सकाळी शरयू तळघरात उतरली तेव्हा काचेची पेटी बंद होती, कुलूप शाबूत होतं, वरचा दिवा चालू होता आणि आत अंडं नव्हतं.

अंडं म्हणजे आपण आम्लेटला फोडतो तसलं साधं नव्हे. शिकागोतल्या या जुन्या युक्रेनी वस्तीत चर्चच्या तळघरात दीड खोलीचं संग्रहालय होतं. भरतकामाचे रुमाल, लाकडी चमचे, कुणाच्या तरी आजोबांचे बूट, आणि या सगळ्या पसाऱ्याचा राजा म्हणजे ते अंडं. परास्का नावाच्या मुलीला जर्मनांनी दुसऱ्या महायुद्धात गावातून उचलून कारखान्यात राबायला नेलं. छातीवर 'पूर्व' एवढीच पट्टी शिवली, नाव विचारलं नाही. तिथे एका वसंतात तिला कुठूनसं एक अंडं मिळालं. बराकीतल्या चार पोरी पोटात काही नसताना दिवसभर त्या अंड्याकडे बघत बसल्या आणि त्यांनी ते खाल्लं नाही. काडीला टाचणी बांधून, मेणबत्तीचं मेण वितळवून, कांद्याच्या सालीच्या रंगात बुडवून परास्काने त्यावर आपल्या गावची नक्षी काढली. हात विसरू नयेत म्हणून. अशा अंड्याला ते लोक पिसांका म्हणतात.

शरयू नागपूरची, नोकरी शॉमबर्गला सॉफ्टवेअर टेस्टिंगची. गेल्या मे महिन्यात तिची आई गेली आणि व्हिसाचे कागद वकिलाकडे अडकल्यामुळे ती जाऊ शकली नाही. त्यानंतर शनिवार-रविवार तिला खायला उठायचे. महाराष्ट्र मंडळात गेलं की चार काकू जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवायच्या आणि शरयूला काही म्हणजे काही वाटायचं नाही, त्याचीच लाज वाटायची. संग्रहालयाला स्वयंसेवक हवेत अशी लायब्ररीतली एक चिठ्ठी बघून ती इथे आली. वस्तूंचे फोटो काढायचे, कम्प्युटरवर चढवायचे. इथे तिची विचारपूस करणारं कोणी नव्हतं, हे तिला बरं पडलं.

गेल्या शरद ऋतूत तिने अंड्याचे फोटो काढले तेव्हा म्हातारी परास्का स्वतः चाकाच्या खुर्चीत बसून बघत होती. हातमोजे घालून शरयूने अंडं वळवलं तर आत बारीक खडखड झाली. साठ वर्षांत बलक सुकून त्याचा खडा झाला होता. "ऐक, आत अजून कोणीतरी आहे," असं म्हणून म्हातारी हसली होती. जानेवारीत ती गेली. मार्चमध्ये प्रदर्शनासाठी शरयूनेच अंडं डब्यातून काढून पेटीत ठेवलं. ते जरा जड लागलं, पण त्या दिवसांत तिला सगळंच जड लागत होतं.

आणि आता पेटी रिकामी. आत पांढरा भरतकामाचा रुमाल तेवढा पसरलेला, घडीसुद्धा न मोडलेला. तळघरात गारठा होता, कारण रस्त्याच्या पातळीवरची छोटी खिडकी कोणीतरी सताड उघडी टाकली होती. लिंबाच्या स्प्रेचा वास दणकून येत होता आणि त्याच्याखाली आणखी एक वास होता, मोरी तुंबल्यासारखा.

संग्रहालयाचे अध्यक्ष बोहदान औषधांच्या दुकानातून निवृत्त झालेले, शिस्तीचे गृहस्थ. शरयूने मनातल्या मनात त्यांना काका करून टाकलं होतं. ते पेटीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "काल संध्याकाळी शेवटी इथे लेस्या होती."

लेस्या म्हणजे साफसफाई करणारी पोरगी. टुरिस्ट व्हिसावर आली आणि राहूनच गेली. पोलीस आले तर आधी तिचे कागद बघणार, हे तळघरातल्या भिंतींनासुद्धा माहीत होतं.

"पोलिसांना बोलावलंत तर तिला परत पाठवतील, काका," शरयू म्हणाली. काका हा शब्द तोंडातून मराठीतच निसटला. "दहा वर्षं इथे पाय ठेवता येणार नाही तिला."

"मला ठाऊक आहे. सोमवारी सकाळपर्यंत थांबतो. तोवर अंडं पेटीत आलं तर मी काही विचारणार नाही," बोहदान म्हणाले. "नाही आलं तर फोन करेन."

२

लेस्या चर्चच्या मागच्या पायऱ्यांवर बसली होती. चोवीस-पंचवीसची असेल, पण बसलेली बघितली तर चाळिशीची वाटावी. शरयू शेजारी बसली. दोघींचं इंग्रजी दोन वेगवेगळ्या शाळांतलं, त्यामुळे वाक्यं छोटी होती.

"काल अंडं होतं?"

"होतं. मी रोज जाताना त्याच्यापुढे क्रुसाची खूण करते. कालही केली."

"पेटी उघडलीस?"

"किल्ली बोहदान यांच्या खणात असते. सगळ्यांना माहीत आहे. मीही उघडू शकले असते." ती दुसऱ्या कोणाबद्दल बोलत असावी तशी बोलत होती. "मी नाही उघडली. पण तुला कसं कळणार?"

"खिडकी तू उघडलीस?"

"खिडकीतून मांजरं येतात. मी कधीच उघडत नाही."

"आणि तो लिंबाचा स्प्रे?"

आता लेस्याने पहिल्यांदा मान वळवली. "मी स्प्रे वापरत नाही. बोहदान यांचं डोकं दुखतं. व्हिनेगर आणि पाणी, बस."

शरयू विचार करू लागली. म्हणजे लेस्या गेल्यानंतर कोणीतरी तळघर पुन्हा पुसून काढलं होतं. चोरी करायला येऊन झाडलोट करून जाणारा चोर तिने अजून पाहिला नव्हता.

"सोमवारपर्यंत वेळ आहे," ती लेस्याला म्हणाली. "तू कुठे जाऊ नकोस."

"जायचं ठरवलं तर वेळ लागणार नाही," लेस्या म्हणाली. "मी आल्यापासून बॅग रिकामी केलेलीच नाही."

३

चोरी झाली म्हणून शनिवारचा वर्ग काही चुकला नाही. ईस्टर पुढच्या रविवारवर आलेला. मॉलमधला ईस्टर महिन्यापूर्वीच आटपला होता, पण ही मंडळी जुन्या पंचांगाने चालणारी. वर्ग घेत होत्या हालिनाबाई, परास्काची मुलगी. साठीच्या, अंगाने भरलेल्या. चाळीस वर्षं वस्तीतल्या प्रत्येक मुलाला अंडी रंगवायला यांनीच शिकवलं. त्यांच्याकडे संग्रहालयाच्या दाराची किल्ली होती, आणि शनिवारी सगळ्यांत आधी येऊन टेबलं मांडायचं काम त्यांचंच.

शरयू कोपऱ्यात उभी राहिली. एका मुलाची आई म्हणत होती, "मिसेस हालिना, दोन्ही टोकांना भोक पाडून आतलं फुंकून काढलं तर? घरी गेल्यावर फुटलं तर किती घाण वास येतो."

बोहदान दारातून म्हणाले, "आजकाल सगळे तेच करतात. शहाणपणाचं आहे."

"करोत," हालिनाबाई शांतपणे म्हणाल्या. "रिकाम्यावर काढलं ते टरफल. आत जीव असला पाहिजे, तरच पिसांका. माझ्या वर्गात कच्चं, अख्खं अंडं."

बोहदान गेल्यावर शरयू त्यांच्याजवळ गेली. हालिनाबाईंनी स्वतः एक अंडं हातात घेतलं होतं. मेणाची रेघ केसासारखी बारीक चालली होती. पेटीकडे त्यांची पाठ होती.

"सकाळी तुम्ही आलात तेव्हा पेटी बघितलीत?"

"मी सरळ स्वयंपाकघरात गेले. रंग उकळायचे होते."

"कोणी नेलं असेल, तुम्हाला काय वाटतं?"

"ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे ते सुखरूप आहे," हालिनाबाई म्हणाल्या. आईची एकुलती एक ठेव चोरीला गेलेल्या बाईने इतक्या खात्रीने असं म्हणावं, हे शरयूच्या कानाला लागलं.

"बोहदान सोमवारी पोलीस बोलावणार आहेत. लेस्याचं नाव घेतलंय त्यांनी."

रेघ थांबली. मेणाचा एक काळा थेंब अंड्यावर पडला आणि पसरला. समोरच्या मुलीने तो बघितला आणि बाईंकडे बघितलं, कारण बाईंच्या अंड्यावर डाग पडल्याचं तिने कधी पाहिलं नव्हतं.

"लेस्याचं कशाला?" हालिनाबाई म्हणाल्या.

"काल शेवटी तीच होती म्हणून."

हालिनाबाईंनी डाग पडलेलं अंडं बाजूला ठेवलं आणि दुसरं घेतलं.

४

घरी यतीन पोहे करत होता. शरयूचा नवरा पुण्याचा, त्यामुळे त्याच्या पोह्यांवर टीका करायची सोय नव्हती. मार्चमध्ये ती काचेची पेटी त्यानेच बनवून दिली होती, मोठ्या हौसेने. दाराला रबराची पट्टी, सांध्यांना सिलिकॉन, वर झगझगीत हॅलोजन. "एकदम एअरटाइट. धुळीचा कण जाणार नाही," असं तो चार लोकांना सांगत फिरला होता.

"यार, तू कशाला यात पडतेस?" तो म्हणाला. "पोलीस बघतील ना."

"पोलीस अंडं बघणार नाहीत. लेस्याला बघतील."

ती लॅपटॉप घेऊन बसली होती. तिचं पोटच मुळी चुका शोधण्यावर चालायचं. कालची स्क्रीन आणि आजची स्क्रीन शेजारी ठेवायची आणि काय हललं ते बघायचं. तिने मार्चमधला पेटीचा फोटो काढला आणि सकाळी काढलेला त्याच्या शेजारी ठेवला. आधी अंड्याच्या जागीच नजर जात होती. मग तिने ती जागा हाताने झाकली.

"यतीन, इकडे ये. मार्चमधल्या रुमालावर लाल फुलं आहेत. आजच्यावर कोंबडे आहेत."

यतीनने झारा हातात धरूनच वाकून बघितलं. "चोराने रुमाल बदलला? फारच सभ्य चोर आहे."

"का बदलेल कोणी?"

"काही सांडलं असेल त्याच्यावर."

"अंड्यातून काय सांडणार? साठ वर्षांत आत सुकून खडा..." शरयू थांबली.

यतीनने तिचं तोंड बघून गॅस बंद केला.

"लिंबाचा स्प्रे वास झाकायला मारला," शरयू हळूहळू म्हणाली. "खिडकी वास जायला उघडली. मोरीचा नव्हता तो वास. सडक्या अंड्याचा होता. ते अंडं नेलं नाही कोणी, ते फुटलं. पण परास्काचं अंडं सडणारच नाही, त्यात सडायला काही उरलंच नव्हतं. म्हणजे पेटीत होतं ते परास्काचं नव्हतंच. ताजं होतं."

तिने स्वतःच्या तळहाताकडे बघितलं. शरदात खडखडलं होतं. मार्चमध्ये खडखडलं नाही, आणि जड होतं. हाताला कळलं होतं सगळं. तिलाच काही कळून घ्यायचं नव्हतं. त्या दिवसांत कोणी तिच्या हातावर निखारा ठेवला असता तरी तिने 'थँक यू' म्हटलं असतं.

"एअरटाइट पेटी, आणि वर हॅलोजन," यतीन म्हणाला आणि मटकन खुर्चीत बसला. "म्हणजे दोन महिने मी ते शेकत होतो?"

"तुला काय माहीत. आत कच्चं अंडं आहे हे माहीत असलेलं माणूस एकच होतं." ती उठली. "नकली अंडं बनवायचं तर कोणीही शहाणा माणूस फुंकून रिकामं करेल. ते कधी फुटलं नसतं, आपल्याला जन्मात कळलं नसतं. कच्च्यावरच काढायचं म्हणणारी त्या अख्ख्या वस्तीत एकच बाई आहे."

५

रविवारी सकाळी हालिनाबाईंनी दार उघडलं आणि शरयूला बघून, काही न विचारता, चहाचं आधण ठेवलं. स्वयंपाकघरात टेबलाच्या वर दोरीला वाळत घातलेला एक रुमाल होता. लाल फुलांचा. मधोमध पिवळट डाग राहिला होता.

"जात नाही," हालिनाबाई म्हणाल्या. "मिठाने धुतला, लिंबाने धुतला."

शरयूने रुमालाबद्दल काही विचारलं नाही. ती म्हणाली, "खरं अंडं कुठे आहे?"

"आईच्या मुठीत."

चहा उकळून वर आला तो शरयूनेच बंद केला.

"आमच्यात जाणाऱ्या माणसाबरोबर अंडं देतात," हालिनाबाई सांगू लागल्या. "शेवटच्या आठवड्यात आई जर्मनांच्या कारखान्यातच होती. मला ओळखत नव्हती. अंडं कुठंय, त्यांनी खाल्लं का, एवढंच विचारायची. मी संग्रहालयातून आणून तिच्या हातात दिलं तेव्हा ती गप्प झाली. ती गेल्यावर तिची बोटं उघडून ते काढून घ्यायचं माझ्याने झालं नाही. तसंच पुरलं."

"आणि बोहदान यांना सांगितलं नाही."

"काय सांगू? हिवाळ्यात निवडणुकीवरून रस्त्यावर उतरलेली कीवची गर्दी टीव्हीवर दिसली आणि वस्तीतली नातवंडं पहिल्यांदा तळघरात यायला लागली. इंग्रजीशिवाय एक अक्षर येत नाही त्यांना. आल्या आल्या ते अंडं दाखवा म्हणायची. ते नाही म्हटलं असतं तर पुन्हा आली नसती. म्हणून मी तसंच दुसरं काढलं आणि डब्यात ठेवून दिलं. आईचा हात मला येतो."

"मग फुंकून रिकामं का नाही केलंत?"

हालिनाबाईंनी तिच्याकडे असं बघितलं, जणू शरयूने काही भलतंच विचारलं होतं. "आईचं अंडं खोटं काढायचं, आणि वर पोकळ?"

मग बाकीचं त्यांनी भराभरा सांगून टाकलं. शनिवारी पहाटे आल्या तर पेटीच्या काचा आतून बरबटलेल्या. सगळं पुसून काढलं, दुसरा रुमाल घातला, टरफलं पर्समध्ये भरून घरी आणली. फुटलं म्हणावं तर लोक विचारणार, साठ वर्षांचं सुकलेलं अंडं सडलं कसं. चोरीला गेलं म्हटलं की ते कुठेतरी आहे, एवढं तरी लोकांना वाटत राहील.

"लेस्याचं नाव येईल असं वाटलं नाही?"

"तू सांगितलंस तेव्हा कळलं."

"त्याला एक दिवस झाला."

"हो," हालिनाबाई म्हणाल्या. "रात्रभर मी स्वतःला सांगत होते, सोमवार अजून लांब आहे. माझ्या आईला नाव न विचारता उचलून नेलं, ही गोष्ट मी चाळीस वर्षं पोरांना सांगते आहे. आणि माझ्या दारातून एका पोरीला नेणार होते, तर मी मीठ लावून रुमाल धूत बसले."

त्यांनी भिंतीवरचा फोन उचलला आणि बोहदान यांना लावला. शरयू बाहेर जायला निघाली, तर त्यांनी हाताने थांबवलं. बोलणं त्यांच्या भाषेत झालं आणि फार झालं नाही. फोन ठेवल्यावर हालिनाबाई म्हणाल्या, "पोलीस नाही. तो ओरडलासुद्धा नाही. आता पेटीवरच्या पाटीवर काय लिहायचं, एवढंच विचारलं, आणि मग रडायला लागला."

६

लेस्या एका घराच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची. शरयू हालिनाबाईंना घेऊन तिथे गेली तेव्हा दार तिनेच उघडलं, अंगात कोट, पायात बूट. मागे पलंगाशी ती बॅग उभी होती. शरयूला भीती वाटली, आणि असं काही वाटण्याची सवय गेल्यामुळे तिला दाराची चौकट धरावी लागली.

हालिनाबाई दारातच बोलू लागल्या. शरयूला शब्द कळत नव्हते, पण कुठे काय चाललंय ते कळत होतं. आई हा शब्द आला. अंडं आलं. मग लेस्याचं नाव आलं आणि हालिनाबाईंनी मान खाली घातली. लेस्या हात कोटाच्या खिशात घालून ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळं सांगून संपल्यावर ती, शरयूला कळावं म्हणून असेल, इंग्रजीत म्हणाली,

"ओके. मग सोमवारी कामाला येऊ ना?"

हालिनाबाई तिथल्या तिथे पायरीवर बसल्या आणि तोंडात पदर कोंबावा तसा स्कार्फ कोंबून रडू लागल्या. लेस्या नुसती उभी राहिली. मग तिने शेजारी बसून हालिनाबाईंच्या पाठीवर हात ठेवला, पण नजर रस्त्यावरच होती.

शरयू गाडीत येऊन बसली. किल्ली लावली आणि फिरवली नाही.

तो 'ओके' तिच्या ओळखीचा होता. गेल्या मे महिन्यात तिच्या दादाचा, सुशांतचा, नागपूरहून फोन आला. "शरू, आई गेली," असं तो म्हणाला, आणि ती म्हणाली होती, "ओके. सोमवारी रिलीज आहे माझी, मंगळवारी फोन करते." मंगळवारी केला. तेव्हा त्याने काही सांगितलं नाही आणि तिने काही विचारलं नाही. वर्षभर दोघं हवापाण्यावर बोलत होते.

तिने पर्समधून कॉलिंग कार्ड काढलं आणि मोबाइलवर तो लांबलचक नंबर दाबला. नागपुरात जेवणं आटपली असतील.

"बोल शरू. आज रविवारी बरी सवड झाली?"

"दादा, आईला नेलं तेव्हा तिच्या अंगावर काय होतं?"

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"आता काय विचारतेस?"

"आता विचारतेय. सांग."

"हिरवी साडी नेसवली मावशीने," सुशांत म्हणाला. "आणि वर तुझा तो स्वेटर. जांभळा. तू पहिल्या वर्षी तिकडून पाठवलेला."

"स्वेटर? मे महिन्यात?"

"पंचेचाळीस डिग्री होतं त्या दिवशी. लोक बघत होते. मावशी म्हणाली, अहो, हे काय. बाबा ऐकेनात. म्हणाले, शरूने पाठवलाय. ती यायची नाही, तो तरी जाऊ दे बरोबर. स्वतः बटणं लावली त्यांनी. मला हात लावू दिला नाही."

शरयूने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. कुठून तरी खोलातून काहीतरी उसळून वर आलं आणि ते काय आहे हे कळायच्या आत ती मोठमोठ्याने रडू लागली. आई गेल्यापासून ती पहिल्यांदाच रडत होती.

"रड," सुशांत म्हणाला. "मी आहे लाइनवर."